जिनिंगच्या भिंतीतली वाट कोणी बुजवली?

१

चोरी उघडकीला आली तेव्हा चोरीला काहीच गेलेलं नव्हतं. उलट एक वस्तू वाढली होती. त्यामुळे आकांक्षा आधी ओरडली, आणि आपण नेमकं कशासाठी ओरडलो हे तिला बराच वेळ कुणाला समजावून सांगता येईना.

आष्टीच्या बाहेर, परतूर रस्त्याला, जिनिंग-प्रेसिंग सोसायटीची पडीक जागा आहे. कापसातली सरकी वेगळी करायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, हे तिथलं काम. ते बंद पडून एक पिढी गेली. सोसायटी मात्र व्यवस्थित चालू आहे. तिला चेअरमन आहे, दरवर्षी सर्वसाधारण सभा होते, सभेत चहा होतो. फक्त कापूस नाही.

दिवाळीनंतर शहरातल्या आर्किटेक्चर कॉलेजातली पोरं इथं अभ्यासाला आली. गावाला वाटलं, चार फोटो काढतील, नाकाला रुमाल लावतील आणि जातील. तसं झालं नाही. पोरं राहिली. वेड्या बाभळीत शिरून अंग ओरबाडून घेतलं. पत्र्यांवरून पावसाचं पाणी कुठे उतरतं ते म्हाताऱ्यांना विचारून घेतलं. जुन्या धुराड्यात पिंगळे राहतात असं कळल्यावर धुराडं पाडायचं चित्र त्यांनी फाडून टाकलं आणि पिंगळ्यांना न उठवता बाकीचं सगळं कसं बसवायचं यावर दोन दिवस एकमेकांशी भांडली. गाठी दाबायच्या यंत्राखाली जो खोल खड्डा होता, जिथं गाव आजवर मेलेली कुत्री टाकत असे, तिथं त्यांनी कागदावर तळं काढलं. सगळ्या छपरांचं पाणी त्यात येणार. काठाला हिवर, पळस, बोर. मोठ्या शेडमध्ये वाचनालय आणि बायकांचं बियाणं साठवायचं घर. अंगणात शनिवारचा बाजार. जागेकडे इतकी वर्षं सगळेच पाहत होते, पण तिथं काही दिसलं ते या पोरांना, हे मान्य करायला जड जातं. तरी करावं लागतं.

या सगळ्याचं त्यांनी मॉडेल केलं होतं. पुठ्ठ्याचं, काड्यांचं, वाळलेल्या दोडक्याच्या जाळीची झाडं असलेलं. गाव त्याला 'देखावा' म्हणत असे आणि संध्याकाळी सहकुटुंब पाहून जात असे.

आणि आज सभा होती. सभासदांनी ठरवायचं होतं, जागा पोरांच्या आराखड्याप्रमाणे गावासाठी ठेवायची, की चेअरमन भुजंगराव म्हणतात तसे प्लॉट पाडून विकायची.

मॉडेलमध्ये मागच्या भिंतीला एक वाट होती. भिंतीपलीकडे पंचशीलनगर. तिथल्या माणसांना शाळा, दवाखाना, बाजार गाठायचा तर जिनिंगला वळसा घालून मोठ्या रस्त्यानं जावं लागतं आणि हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या कुणासाठी थांबत नाहीत. कॉलेजच्या पोरांतल्या आकांक्षानं भिंतीत वाट काढली होती. तिथून पोरं तळ्याच्या काठानं सरळ शाळेत.

आज सकाळी ती वाट नव्हती. तिथं भिंत होती. शेजारच्या भिंतीइतकीच जुनी दिसणारी, त्याच रंगाची, त्याच उंचीची. वाट कधी नव्हतीच असं वाटायला लावणारी.

"कुणीतरी वाट चोरली," आकांक्षा शेवटी म्हणाली.

सभेला दोन तास उरले होते.

२

सभेच्या अध्यक्ष म्हणून दैवशालाबाईंना बोलावलं होतं. चेअरमनच एका बाजूचे असल्यामुळे तिसरं कुणीतरी हवं होतं, आणि बाई वडिलांच्या शेअरमुळे सभासदही होत्या. आयुष्यभर त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली. त्या दुकानात शिरल्या की काटा आपोआप बरोबर व्हायचा असं म्हणतात. निवृत्तीनंतरही भाजीवाले त्यांना मूठभर जास्तच घालतात आणि बाई ती मूठ परत काढून ठेवतात.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बुजवलेल्या जागेवरून नख फिरवलं. नख कुठेही अडलं नाही.

"हे रागाचं काम नाही," त्या म्हणाल्या. "रागातला माणूस फाडतो. इथं कुणीतरी बसून जीव लावलाय."

शेडला कुलूप होतं. कुलूप मजबूत होतं आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला होती, म्हणजे येणाऱ्याची गैरसोय नको. त्यामुळे किल्ली कुणाकडे होती हा प्रश्न निकालात निघाला. काल संध्याकाळी उशिरापर्यंत मॉडेलपाशी कोण घुटमळत होतं, एवढंच विचारण्यासारखं होतं. पोरं सोडून तिघं होते. भुजंगराव, भंगारवाले राधेश्यामजी आणि पोरांचे प्राध्यापक सोमेश्वर सर.

भुजंगराव पांढऱ्या कपड्यांत आले. मॉडेलवर वाकले. आणि त्यांचा चेहरा पडला.

"अक्का, ही वाट कुनी बुजवली?"

"तेच तुम्हाला विचारणार होते."

"मी कशाला बुजवू? मी तिच्यावर भाषण करणार व्हतो ना! आठ दिवस झाले तयारी करून राह्यलो." त्यांनी खिशावर हात ठेवला, जणू भाषणच दुखावलं होतं. "निम्मे सभासद त्या वाटेपायीच माह्याकडं आल्ते. आता वाटच न्हाई तर लोक म्हनतील, मंग काय वाईट हाय, होऊ द्या तळं."

"तुमचा वाटेला विरोध का?"

"विरोध बिलकुल न्हाई. तिकडची मानसं आपलीच हायेत. मी जयंतीला दरसाल वर्गनी देतो. पर नवीन पायंडा कशाला पाडायचा? आज भिंतीला भोक, उद्या..."

"उद्या काय?"

भुजंगरावांनी विचार केला. "उद्याचं उद्या बघू. पर नवीन पायंडा नको, येवढं पक्कं."

शिवाय एक गोष्ट बाईंना आधीपासून माहीत होती. भुजंगरावांना पेन्सिलीला टोक करायचं झालं तरी माणूस लागतो.

राधेश्यामजींचा प्रश्न वेगळा होता. त्यांना शेडमधली जुनी यंत्रं भंगारात हवी होती, आणि पोरांनी ती जागच्या जागी ठेवून त्यांच्याभोवती बसायला बाक केले होते.

"ताई, वाट राहो की जावो, मला लोखंडाशी मतलब," ते म्हणाले. "पोरांचा ठराव पडला तर माझा फायदा. मग मी त्यांचं भांडण मिटवीन का? मी तर अजून दोन वाटा काढून दिल्या असत्या." मग तेही वाकले आणि बघतच राहिले. "रंग बराबर मिळवलाय हां. कारागीर आहे. असा हात माझ्याकडे असता तर मी भंगार कशाला घेतलं असतं?"

बाईंनी मान डोलावली. वाट बुजल्यानं तोटा झाला होता तो भुजंगराव आणि राधेश्यामजींचा. ज्याला आराखडा मंजूर व्हायला हवा होता, त्यानंच वाट बुजवली होती.

म्हणजे चोर घरचा होता.

३

सोमेश्वर सर बाहेर लिंबाखाली उभे होते. सगळ्यांना सगळं पटलं पाहिजे असं ज्यांना मनापासून वाटतं आणि म्हणून ज्यांची झोप कायम अपुरी असते, अशा माणसांपैकी ते एक.

"सर, काल तुम्ही मुलांना काय सांगितलं?"

"मी? विशेष काही नाही. एवढंच की वाट तूर्तास बंद दाखवू. विरोध मावळेल. पुढच्या टप्प्यात घेता येईल."

"पुढचा टप्पा कधी असतो?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तो पुढे असतो," ते म्हणाले.

"मुलं काय म्हणाली?"

"आकांक्षा म्हणाली, वाटच वगळली तर बाकीच्या आराखड्याला अर्थ नाही. तळं, बाजार, शाळा, सगळं त्या वाटेवर ओवलंय. तिचं बरोबर आहे. माझ्या वर्गात असं डिझाइन खूप वर्षांत झालं नाही. म्हणूनच भीती वाटते. एका वाटेपायी सगळं गेलं तर?"

"आणि प्रेम काय म्हणाला?"

प्रेम पंचशीलनगरचाच. आष्टीच्या शाळेत शिकून त्या कॉलेजात पोचलेला, मॉडेलवर सगळ्यात जास्त हात त्याचा.

"तो काहीच बोलला नाही. तो मुलगा वाटेच्या विषयावर कधीच बोलत नाही."

सर चष्मा पुसू लागले. तेव्हा बाईंना दिसलं. सरांच्या उजव्या अंगठ्यावर वाळलेला गोंद होता. कालपरवाचाच. पापुद्रा सुटत असलेला.

"सर, हा गोंद कुठला?"

सरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

४

सरांनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि बाईंच्या समोर धरली. चपलेचा अंगठा काल संध्याकाळी तुटला होता. सभेच्या दिवशी आष्टीत अनवाणी कसं फिरायचं म्हणून सरांनी पोरांच्याच गोंदानं तो चिकटवला होता. वाकडा. गोंद चारी बाजूंनी बाहेर आला होता आणि त्यात एक मुंगी कायमची राहायला आली होती.

"पंचवीस वर्षं मी मॉडेल शिकवतोय," सर खाली बघत म्हणाले. "करता मला कधीच आलं नाही. कृपा करून मुलांना सांगू नका."

बाईंनी चप्पल परत दिली. हा पुरावा कोणत्याही न्यायालयात टिकला असता.

त्या पुन्हा मॉडेलपाशी गेल्या. आकांक्षा तिथंच बसली होती, हातात कटर, पण वाट पुन्हा कापायला हात उठत नव्हता. "मी कापली तर म्हणतील मीच खेळ केला. आणि ज्यानं बुजवली तो पुन्हा बुजवेल."

"वाटेत आधी काही होतं का?"

"एक बाई होती. प्रेमची आजी, गिरिजाबाई. आम्ही मॉडेलमधली सगळी माणसं इथलीच केलीत." मॉडेलवर खरोखरच कागदाची बोटभर माणसं होती. पानटपरीवाला, बकऱ्या, आणि हो, भुजंगरावही, पांढऱ्या कागदाचे. "आजी वाटेतून येत होती, डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन. ती पण गेली."

"ती गेली नाही," बाई म्हणाल्या.

तळ्याच्या काठावर, पळसाखाली, एक बाक होता. बाकावर कागदाची गिरिजाबाई बसली होती. कुणीतरी तिच्या गुडघ्यांना घडी घातली होती. डोक्यावरचा भारा हलक्या हातानं सोडवून तिच्या शेजारी जमिनीवर ठेवला होता.

आकांक्षा बघत राहिली. "म्हणजे ज्यानं तिची वाट बंद केली..."

"त्यानंच तिचं ओझं उतरवून तिला बसायला दिलं." बाईंनी टेबलाकडे पाहिलं. मॉडेलची मागची बाजू शेडच्या भिंतीला टेकवलेली होती. सगळं गाव मॉडेल पाहून गेलं ते पुढून. भिंतीची पलीकडली बाजू कुणाला दिसतच नव्हती.

"टेबल फिरव."

दोघींनी मिळून फिरवलं. बाई गुडघ्यावर बसल्या आणि पंचशीलनगरच्या बाजूनं भिंतीकडे बघू लागल्या. बाकी भिंत सपाट, तपकिरी. फक्त नव्या तुकड्यावर, कटरच्या टोकानं, अगदी हलकी एक कमान कोरलेली होती. कमानीच्या आतल्या विटा किंचित वेगळ्या रंगाच्या. आणि कमानीखाली तीन उभ्या रेघा, शेजारी शेजारी.

"हे काय?" आकांक्षानं विचारलं. "खऱ्या भिंतीला असं काही नाही मॅडम. आम्ही बाहेरून बघितलीय. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या गोवऱ्या. साधी भिंत आहे."

"कधी बघितली?"

"आलो तेव्हा. दिवाळीनंतर."

बाईंनी पर्स उचलली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"पलीकडे. भिंतीची दुसरी बाजू काय म्हणते ते ऐकून येते."

५

पलीकडे जायला जिनिंगला वळसा पडतो. बाई मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालल्या. उसाची ट्रॉली गेली, मागून दुसरी जोडलेली, तिच्यावर टेपवर गाणं. बाईंना गटारात उतरून उभं राहावं लागलं. त्यांच्या पुढे दोन शाळकरी मुली त्याच गटारात आधीच उभ्या होत्या, सवयीनं, एकमेकींना गृहपाठ सांगत.

भिंतीपाशी गिरिजाबाई शेणाचे गोळे थापत होत्या. थप थप करत एकेक गोवरी भिंतीला चिकटत होती, आणि प्रत्येकीवर पाच बोटं उमटत होती.

"बाई, या की. बसा. सभा झाली का?"

"अजून व्हायचीय. आजी, या भिंतीला कमान आहे का कुठे?"

गिरिजाबाईंचा हात थांबला. "तुमाला कुनी सांगितलं? पावसाळ्यात दिसती. तवा गवऱ्या थापत न्हाईत ना, भिंत उघडी पडती. ही काय इथं, माह्या हाताखाली." त्यांनी ओल्या गोवऱ्यांच्या रांगेवर बोट ठेवलं. "दार व्हतं हे. कामगारांचं दार. आमी बाया इथूनच आत जायचो, कापूस साफ कराया. माही सासू बी इथूनच गेल्ती, मी बी."

"मग बुजवलं का?"

"कापूस चोरीला जाऊन राह्यल्ता म्हने. तवा भुजंगरावाचा बाप चेअरमन व्हता. म्हनला, ह्या दारानं बाया कापूस नेतात. झडती घेतली आमची रोज. पदर झटकून दाखवायचा. सापडलं काय न्हाई. तरी दार बुजवलं. वर्सभरानं कळलं, कापूस टरकनं जात व्हता. म्होरच्या मोठ्या फाटकातून." गिरिजाबाईंनी एक गोळा उचलला आणि भिंतीवर जरा जोरात मारला. "फाटक काय कुनी बुजवलं न्हाई."

बाईंनी त्या गोवरीवर उमटलेली पाच बोटं पाहिली. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"आजी, कमानीखाली तीन उभ्या रेघा कसल्या?"

गिरिजाबाई हसायला लागल्या. "आता ते बी कळलं का तुमाला? आमच्या प्रेम्याचं काम. लहान असताना कोळशानं इष्टंप काढायचा. पावसाळाभर इथंच किरकेट. बॉल भिंतीपल्याड गेला की आउट, कारन आनायला वाट न्हाई."

६

प्रेम शेडच्या मागच्या पायरीवर बसला होता. बाई शेजारी बसल्या.

"कमान काढली नसतीस तर मला तुमच्या सगळ्या वर्गावर संशय घ्यावा लागला असता," त्या म्हणाल्या. "आणि स्टंप काढले नसतेस तर सगळ्या पंचशीलनगरवर."

प्रेमनं नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"हात तसाच गेला मॅडम. भिंत करायला घेतली आणि हातानं तीच केली. मला ती भिंत तशीच माहितेय. वाटलं, मागची बाजू आहे, कोण बघतंय."

"का बुजवलीस?"

"काल भुजंगकाकांनी सभासद मोजून दाखवले. वाट राहिली असती तर ठराव पडला असता. आकांक्षाचं तळं, धुराडं, बियाण्याचं घर, सगळं. सगळ्यांनी इतकं केलं आणि ते आमच्या वस्तीपायी जाणार. आम्हाला काय, वळशाची सवय आहे."

"वाट तुझी कल्पना होती?"

"अजिबात न्हाई. तिचीच. शाळेतून, बाजारातून, तळ्यापासून माणसं कुठून कुठं जातील त्याच्या रेघा तिनं काढल्या. सगळ्या रेघा भिंतीवर जिथं मिळाल्या ना, ती बराबर कमानीची जागा. तिला कमान माहीतच न्हाई. मला कागद बघून काटा आला अंगावर."

"मग बोलला का नाहीस?"

प्रेम जमिनीवरची काडी मोडत राहिला. "ती बोलते तोवर ते डिझाइन आहे मॅडम. मी बोललो की मागणी झाली असती."

दैवशालाबाईंनी त्याच्या हातातली काडी काढून घेतली. 

"नोकरीत मी कमी तोलणारे पुष्कळ पकडले," त्या म्हणाल्या. "स्वतःलाच कमी तोलणारा आज पहिला सापडला."

"मी काढतो तो तुकडा. जल्दी काढतो. सभेच्या आत..."

"हात लावायचा नाही. तो तुकडा आता माझा साक्षीदार आहे."

७

सभा भरली. खुर्च्यांवर सभासद, मागे उभे राहिलेले सभासद, आणि दाराबाहेर ओसरीवर पंचशीलनगरच्या बायका, ज्या सभासद नव्हत्या. मॉडेल मधोमध होतं. भिंत अखंड होती.

"चेअरमनसाहेब," दैवशालाबाई म्हणाल्या, "तुमचा आक्षेप असेल तर सांगा."

भुजंगराव उठले. वाट नसताना वाटेविरुद्ध बोलणं अवघड असतं, पण त्यांना अनुभव होता. "आज वाट दाखवली न्हाई, उद्या काढतील. माझं म्हननं येवढंच, जे कधीच नव्हतं ते करू नये. नवीन पायंडा नको."

"मान्य," बाई म्हणाल्या. "जे कधीच नव्हतं ते करायचं नाही. सभेला मान्य आहे?"

सभेला मान्य होतं. भुजंगरावांना इतक्या सहज विजयाची सवय नव्हती. ते जरा अस्वस्थ होऊन बसले.

"आकांक्षा, टेबल फिरव."

टेबल फिरलं. पुढच्या रांगा वाकल्या. मागच्यांनी पुढच्यांना विचारलं काय आहे, आणि पुढचे आणखीच वाकले.

"ही कमान खऱ्या भिंतीला आहे. मी आत्ता बघून आले. गोवऱ्यांच्या खाली आहे, पावसाळ्यात दिसते. इथं दार होतं. या दारातून ज्यांनी कधीही ये-जा केली असेल, त्यांनी हात वर करा."

ओसरीवरच्या म्हाताऱ्या बायकांचे हात आधी वर गेले, पण त्यांना मत नव्हतं. सभासदांत एकही नाही. मग कारभारी नावाचे एक वाकलेले सभासद, ज्यांचा हात वर करताना खांदा दुखतो हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून वर धरला. "मी जोखायला बसायचो. गाठी जोखायचो. ह्याच दारानं यायचो, सावली असायची." मग आणखी एक. मग तिसऱ्या रांगेतले चौघं.

तेवढ्यात ओसरीवरून गिरिजाबाईंचा आवाज आला.

"भुजंगराव, तुमी बी वर करा की. बापाचा डबा घेऊन ह्याच दारानं आल्ते ना रोज? म्होरच्या फाटकावर काळं कुत्रं व्हतं. भेत व्हता तुमी. माह्या पदराला धरून आत जायचात."

सभा हसली. भुजंगराव हसले नाहीत. ते मॉडेलमधल्या कमानीकडे बघत होते, आणि त्या कुत्र्याची आठवण झाल्यासारखा त्यांचा चेहरा क्षणभर लहान झाला. मग त्यांचा हात, अर्धा, खांद्याच्या उंचीपर्यंत, वर गेला.

"मंग जुनंच दार हाय की हे," ते म्हणाले. "आपन तर उघडायचंच म्हनत व्हतो. मीच सूचना मांडतो."

सूचना मांडायची संधी सोडली असती तर ते चेअरमन झाले नसते. बाईंनी ती तशीच नोंदवून घेतली. प्लॉटांच्या बाजूनं शेवटी काही हात उरले, पण ते एकमेकांकडे बघत वर आले आणि एकमेकांकडे बघतच खाली गेले. आराखडा मंजूर झाला, तळ्यासकट, पिंगळ्यांसकट, वाटेसकट. राधेश्यामजींनी यंत्रांकडे शेवटचं एकदा पाहिलं आणि म्हणाले, गंज काढायचा असेल तर माझी माणसं पाठवतो, असं उघड्यावर ठेवू नका.

"पण बुजवली कुणी होती?" कुणीतरी विचारलं.

बाई काही बोलायच्या आत प्रेम उठून उभा राहिला. "मी."

आकांक्षा त्याच्याकडे बघत राहिली. "येडा आहेस का रे तू?" तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र चिडलेला होता. "कमान होती हे मला सांगायचं नाही? मी नुसतं भोक पाडलं होतं. माझ्या वाटेपेक्षा ही कितीतरी चांगली आहे."

तिनं कटर त्याच्या हातात दिला. प्रेमनं तुकडा काढला नाही. फक्त कमानीच्या आतलं कापलं, बाहेरच्या रेघेला जराही न दुखावता. इतकं नेटकं की सोमेश्वर सरांनी पाय खुर्चीखाली ओढून चप्पल लपवली. तळ्याकाठच्या बाकावरून कागदाची गिरिजाबाई उठली आणि कमानीत उभी राहिली. भारा मात्र त्यानं तिथंच, पळसाखाली राहू दिला.

आता मॉडेलमध्ये झालंच आहे तर खऱ्या भिंतीत का नको, असा उत्साह सगळ्यांना आला. आमच्याकडे उत्साह आला की पहार लागते. पहार सापडली. भुजंगराव पुढे, सभा मागे, असा सगळा लवाजमा मोठ्या रस्त्यानं वळसा घालून पलीकडे पोचला. वाटेत उसाच्या दोन ट्रॉल्यांना वाट देताना चेअरमनसाहेबांना गटारात उतरावं लागलं. धोतर झटकताना त्यांनी ट्रॉलीकडे बराच वेळ बघितलं.

भिंतीपाशी पहार उचलली गेली आणि गिरिजाबाई मधे उभ्या राहिल्या.

"थांबा."

"आता काय झालं मावशी?" भुजंगरावांनी विचारलं.

"गवऱ्या वल्ल्या हायेत. आज सकाळीच थापल्या." त्यांनी पदर खोचला आणि सगळ्या सभेकडे, चेअरमनसकट, शांतपणे पाहिलं. "वाळू द्या. मंग पाडा."

पहार खाली ठेवण्यात आली. सभा उन्हात गोवऱ्यांकडे बघत उभी राहिली.